मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर पायांची हालचाल आणि ताळमेळ: घरच्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

आपल्याकडे मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या दोरीला, इजा होण्याची कारणे प्रामुख्याने दोन: उंचावरून पडणे आणि रस्त्यावरचा अपघात. कोणी चिंचेच्या झाडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडतो, कोणी विहिरीत कोसळतो, तर कोणाची मोटारसायकल रात्रीच्या वेळी दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळते. मिरजेत, सांगलीत किंवा कऱ्हाडला शस्त्रक्रिया होते, मोडलेला मणका स्क्रू आणि रॉड घालून स्थिर केला जातो, टाके निघतात आणि रुग्ण घरी येतो. पुढचे काम कोणत्या क्रमाने करायचे, हे मात्र पुष्कळ कुटुंबांना कोणी सविस्तर सांगितलेले नसते. हा लेख त्या कुटुंबांसाठी आहे. यातील प्रत्येक व्यायाम आपल्या रुग्णाला लागू आहे की नाही हे फिजिओथेरपिस्ट आणि शल्यविशारद यांना विचारूनच ठरवावे. मणका जुळून येईपर्यंत पाठीच्या पट्ट्याबाबत, वाकण्याबाबत आणि बसण्याबाबत त्यांनी घातलेली मर्यादा कोणत्याही कारणाने ओलांडू नये.

पहिला टप्पा: इजा नेमकी किती आहे हे कागदावर मिळवा

‘चालेल का आणि कधी चालेल?’ हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो विचारणे साहजिकही आहे. एमआरआयची फिल्म पाहून त्याचे पुरेसे उत्तर मिळत नाही. ते मिळते हाताने केलेल्या तपासणीतून. या तपासणीची जगभर वापरली जाणारी एक ठरलेली पद्धत आहे आणि तिच्यात रुग्णाला ए, बी, सी, डी, ई यांपैकी एक श्रेणी दिली जाते. गुदद्वाराभोवतीच्या त्वचेला स्पर्श किंवा टाचणीची टोच कळते का, आत बोटाचा दाब कळतो का आणि तिथला स्नायू रुग्णाला स्वतःहून आवळता येतो का, यावर पहिला निर्णय होतो, कारण मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या भागाशी मेंदूचा संपर्क उरला आहे की नाही हे तिथेच समजते. यांपैकी काहीच नसेल तर इजा पूर्ण, म्हणजे ए श्रेणीची. संवेदना आहे पण इजेच्या खाली हालचाल नाही, ती बी. हालचाल आहे पण इजेच्या खालचे निम्म्याहून अधिक प्रमुख स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलू शकत नाहीत, ती सी; निम्मे किंवा त्याहून अधिक स्नायू उचलू शकतात, ती डी. तपासणीत सगळे सामान्य आढळले, ती ई. डी श्रेणीतील बहुतेक रुग्ण आणि सी श्रेणीतील बरेच रुग्ण पुढे कोणत्या ना कोणत्या आधाराने चालतात. बी श्रेणीत गुदद्वाराजवळ टाचणीची टोच कळत असेल तर आशेला अधिक जागा असते. ए श्रेणीत चालणे परत येण्याची शक्यता फार कमी असते आणि हे कुटुंबाला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पायांच्या पाच स्नायूगटांची ताकद शून्य ते पाच या गुणांत लिहून घ्या. मांडी पोटाकडे उचलणे, गुडघा सरळ करणे, पाऊल वर ओढणे, अंगठा वर उचलणे आणि पाऊल खाली दाबणे या त्या पाच हालचाली होत. त्या अनुक्रमे कमरेच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या आणि त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) पहिल्या मज्जाखंडाशी, म्हणजे मज्जारज्जूच्या त्या त्या भागाशी, जोडलेल्या आहेत. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे बोटाखाली स्नायूची नुसती थरथर, दोन म्हणजे वजन काढून घेतले तर हालचाल, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल, चार म्हणजे थोडा विरोध केला तरी हालचाल आणि पाच म्हणजे पूर्ण ताकद. हाच तक्ता दर महिन्याला पुन्हा भरून घ्यावा. इजेनंतर काही दिवस ते काही आठवडे मज्जारज्जू सुन्न असतो, पाय लुळे पडलेले असतात आणि त्या काळातील अंदाज पुढे बदलू शकतो. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो, त्यानंतर तो मंदावतो. तरीही वर्ष-दीड वर्षापर्यंत आणि काहींमध्ये त्यानंतरही बदल दिसत राहतात.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. सुन्नपणा ओसरला की पायांना आपोआप झटके येऊ लागतात, गुडघा अचानक वाकतो, पाऊल थडथडते, आणि घरातली माणसे आनंदाने सांगतात की पाय हलू लागला. हे झटके मज्जारज्जूच्या खालच्या भागातून स्वतंत्रपणे येतात, त्यात मेंदूचा आदेश नसतो. खरी हालचाल ओळखण्याची कसोटी सोपी आहे: ‘उजवा अंगठा वर कर’ असे सांगितल्यावर तोच अंगठा हलतो, ‘थांब’ म्हटल्यावर थांबतो आणि पुन्हा सांगितल्यावर पुन्हा हलतो. अशी हालचाल तसूभर असली तरी ती मोलाची आहे.

दुसरा टप्पा: पायांआधी शरीर सांभाळा

महिनाभराचा व्यायाम एका बेडसोअरने (सतत दाब पडून होणाऱ्या जखमेने) वाया जातो, म्हणून हा टप्पा आधी सांगतो. पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलावी. व्हीलचेअरवर बसल्यावर दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावे किंवा पुढे व बाजूला झुकून ढुंगणावरचा दाब एक-दोन मिनिटे हलका करावा. माकडहाड, टाचा, घोटे आणि मांडीची बाहेरची हाडे रोज पाहावीत. लालसर डाग दाबल्यावरही फिका पडत नसेल, तर त्या जागेवर तो पूर्ण जाईपर्यंत मुळीच भार देऊ नये. संवेदना नसलेल्या पायाला गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक किंवा शेकोटी दाखवू नये. रुग्णाला चटका कळत नाही आणि कातडी भाजते.

लघवी पूर्ण होत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत शिकून घ्यावी. एका वेळी साठणारी लघवी पाचशे मिलिलिटरच्या आत राहिली पाहिजे. छातीच्या सहाव्या मज्जाखंडाच्या किंवा त्याच्या वरच्या इजेत आणखी एक धोका असतो: मूत्राशय तुंबले, नळी अडकली किंवा मलावरोध झाला की रक्तदाब एकदम चढतो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो आणि इजेच्या वर घाम सुटतो. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब उठवून बसवावे, पट्टे व कपडे सैल करावेत, नळीला पीळ पडला आहे का ते पाहावे आणि आराम न पडल्यास वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. याच रुग्णांना इजेच्या खाली घाम नीट येत नाही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत त्यांचा व्यायाम सकाळी लवकर उरकावा.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, तर ती शिरेतील रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नये, व्यायाम थांबवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हाडवैद्याकडची जोराची मालिश या रुग्णांसाठी धोक्याची आहे, हे आदर राखून पण निश्चयाने घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागते.

तिसरा टप्पा: सांधे मोकळे ठेवा

ताकद परत आली तरी घोटा आखडलेला असेल तर पाऊल जमिनीला टेकत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून घोटा, गुडघा आणि खुबा यांची हालचाल कोणीतरी रोज सकाळ-संध्याकाळ करून द्यावी. टाच तळहातात धरून पाऊल हळूहळू वर ओढावे आणि अर्धा मिनिट तसेच धरावे. झटका देऊ नये, कारण जलद ओढल्याने पाय अधिकच ताठतात. शल्यविशारदांची परवानगी मिळाल्यावर रोज काही वेळ पालथे झोपणे खुब्यासाठी फार उपयोगी पडते. रात्री पाऊल काटकोनात ठेवणारा स्प्लिंट वापरावा आणि तो काढल्यावर त्वचेवर वळ उठला आहे का ते पाहावे.

पायांवर भार न पडल्यामुळे पहिल्या वर्ष-दोन वर्षांत त्यांची हाडे वेगाने विरळ होतात. त्यामुळे जोराने वाकवताना मांडीचे हाड गुडघ्याजवळ मोडू शकते आणि रुग्णाला वेदनाही जाणवत नाही. खुब्याभोवती अचानक सूज, ऊब आणि हालचालीत अडथळा आला तर सांध्याजवळ नवे हाड तयार होत असण्याची शक्यता असते. तेव्हाही जबरदस्ती न करता तपासणी करून घ्यावी. ताठरपणासाठी बॅक्लोफेन सुरू असेल तर ते मनाने एकाएकी बंद करू नये, त्याचे गंभीर परिणाम होतात. झटके नेहमीपेक्षा अचानक वाढले तर आधी कारण शोधावे: लघवीचा जंतुसंसर्ग, बेडसोअर, मलावरोध किंवा आत वाढलेले नख यांपैकी काहीतरी बहुधा सापडते.

चौथा टप्पा: उरलेली हालचाल शोधा आणि वाढवा

ज्या स्नायूला एक किंवा दोन गुण आहेत, त्याच्याकडून पाय उचलून घेण्याचा हट्ट धरू नये. आधी पायाचे वजन काढून घ्यावे. रुग्णाला कुशीवर झोपवून वरचा पाय हाताने किंवा छताच्या कडीला बांधलेल्या रुंद कापडी झोळीत तोलून धरावा आणि गुडघा वाकवून सरळ करायला सांगावा. किंवा उताणे झोपवून टाचेखाली गुळगुळीत पत्रा ठेवावा, त्यावर थोडी पावडर टाकावी आणि टाच ढुंगणाकडे ओढायला सांगावे. रुग्णाने त्या पायाकडे पाहावे, हालचाल मनात योजावी आणि स्वतः जोर लावावा. मदत करणाऱ्याने उरलेलीच मदत द्यावी आणि ती दिवसेंदिवस कमी करावी. सगळी हालचाल दुसऱ्याने करून दिली तर सांधा मोकळा राहतो, पण स्नायू व मेंदू काही शिकत नाहीत. तीन गुण मिळाल्यावरच वाळूची छोटी पिशवी किंवा रबरी पट्टा यांचा विरोध सुरू करावा.

यानंतर धडाचा तोल येतो आणि इथे घाई करणारे पुढे अडखळतात. पाठ न टेकता पलंगाच्या कडेला बसणे, एक हात उचलणे, दोन्ही हात उचलणे, बाजूची वस्तू घेणे. मग गुडघे वाकवून कंबर उचलणे, दोन्ही हात व गुडघे टेकून ओणवे राहणे, नुसत्या गुडघ्यांवर उभे राहणे आणि शेवटी उंच बैठकीवरून उठणे, असा क्रम ठेवावा. बैठक जितकी उंच तितके उठणे सोपे, म्हणून सुरुवातीला दिवाणावर जाड गादी टाकावी आणि जमेल तशी उंची कमी करावी. पहिल्यांदा उभे करताना रक्तदाब उतरून चक्कर येते; पोटाला पट्टा, पायांना दाब देणारे मोजे आणि पाठ हळूहळू उभी करत नेणे यांनी ती टळते.

पाचवा टप्पा: उभे राहणे आणि पावले टाकणे

चालणे हे चालूनच शिकले जाते. कमरेच्या मज्जारज्जूत पावलांची लय निर्माण करणारी चेतापेशींची जाळी असते. मेंदूकडून थोडा संदेश पोहोचत असेल, खुबा मागे पूर्ण ताणला जात असेल आणि तळव्यावर भार पडत असेल, तर ती जाळी अधिक चांगली काम करते. म्हणून भार हातांवर लटकवून पाय फरफटवण्यापेक्षा, आधार घेऊनही पायांवर भार देत मोजकी खरी पावले टाकणे श्रेयस्कर. यंत्रावर टांगून ट्रेडमिलवर चालवण्याची सोय जवळ नाही म्हणून पुष्कळ जण खंतावतात. मज्जारज्जूची अपूर्ण इजा झालेल्या १४६ रुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ट्रेडमिलवर सराव केलेल्या रुग्णांचे चालणे, जमिनीवर तितकाच सराव केलेल्यांपेक्षा सरस ठरले नाही. महागड्या यंत्रापेक्षा नियमित आणि पुरेसा सराव महत्त्वाचा, असा याचा माझ्यापुरता अर्थ आहे.

घराच्या अंगणात किंवा सोप्यात दहा फूट लांबीचे दोन समांतर दांडे गावातला वेल्डिंगवाला करून देतो. बांबूचेही चालतात, मात्र ते जमिनीत घट्ट रोवलेले असावेत. दांडे धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहील इतकी उंची आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळी जागा उरेल इतके अंतर ठेवावे. समोर आरसा ठेवावा. आधी दोन्ही पायांवर सारखा भार, मग एकेका पायावर भार सरकवणे, मग एक पाऊल पुढे टाकून परत आणणे आणि त्यानंतरच सलग पावले, असे पुढे जावे. पाऊल लोंबत असेल तर घोट्याचा स्प्लिंट, गुडघा टिकत नसेल तर मांडीपर्यंतचा कॅलिपर (पायाला बांधायचा ताठ आधार) लागतो. दांड्यांतून वॉकर, वॉकरवरून कोपराच्या कुबड्या आणि मग काठी, हा प्रवास प्रत्येकाचा सारखा नसतो; कोणी वॉकरपाशी थांबतो आणि तेवढ्यावर आपले शेत, दुकान किंवा शाळा सांभाळतो. पूर्ण इजा झालेल्या माणसाला कॅलिपर घालून दांड्यांत चालता येते, परंतु त्यात इतकी शक्ती खर्च होते की रोजच्या कामासाठी त्याला व्हीलचेअरच सोयीची ठरते. ती वापरण्यात कमीपणा नाही.

सहावा टप्पा: ताळमेळ

ताकद आणि ताळमेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायाला चार गुण असूनही पाऊल भलतीकडे पडणारे रुग्ण मी पाहतो आणि त्यांना पुन्हा पुन्हा वजने उचलायला लावली जाते. दोष बहुधा संवेदनेत असतो. सांधा कोणत्या स्थितीत आहे याची जाणीव मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते. तो भाग दुखावला तर डोळे मिटताच पाय कुठे आहे हे माणसाला कळत नाही. याची परीक्षा घरी करता येते. रुग्णाला डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा दोन्ही कडांनी धरावा, कारण वरून-खालून धरल्यास दाबावरूनच दिशा समजते. मग तो किंचित वर किंवा खाली न्यावा आणि दिशा विचारावी. उत्तरे चुकत असतील तर पुढील व्यायाम त्याच्यासाठीच आहेत.

स्वित्झर्लंडमधील हाइनरिख फ्रेंकेल या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशाच रुग्णांसाठी हे व्यायाम बसवले. हरवलेल्या जाणिवेचे काम डोळ्यांनी आणि एकाग्रतेने भरून काढायचे, हे त्यामागचे सूत्र. झोपून सुरुवात करावी. डोके उशीने इतके उंच करावे की पाय दिसतील. टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवावा, सरळ करावा, आणि हे करताना मोठ्याने एक, दोन, तीन, चार म्हणावे. दुसऱ्याने मध्येच ‘थांब’ म्हणावे आणि पाय तिथेच रोखावा. ही रोखण्याची कृती हलवण्याहून अवघड असते आणि खरा फायदा तिचाच होतो. मग एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या घोट्यावर, नडगीवर आणि गुडघ्यावर क्रमाने नेमकी टेकवावी. संवेदना नसलेल्या कातडीवर टाच घासू नये, उचलून ठेवावी.

बसून करायच्या व्यायामासाठी शहाबादी फरशीवर खडूने फुल्या काढाव्यात, त्यांना आकडे द्यावेत आणि सांगितलेल्या आकड्यावर पाऊल ठेवायला सांगावे. फरशीचे सांधे सरळ असतात, त्यामुळे उभे राहून करायच्या सरावासाठी त्याच रेषांचा उपयोग होतो: रेषेच्या बाजूने आडवी पावले, दोन रेषांच्या मधून सरळ चालणे, खडूने काढलेल्या पावलांच्या ठशांवर पाऊल टाकणे आणि शेवटी वळणे. वळताना तोल सर्वाधिक जातो, म्हणून लहान लहान पावलांत वळायला शिकवावे आणि कमरेला पट्टा बांधून एकाने मागे उभे राहावे. प्रत्येक व्यायाम संथ आणि अचूक, चार वेळा करून विश्रांती, असा नेम ठेवावा. दमलेला रुग्ण चुकीची हालचाल पक्की करतो. नजरेखाली अचूकता आल्यावर तोच व्यायाम डोळे मिटून करून पाहावा, पण उभ्याने डोळे मिटायचे ते दांड्यांमध्येच.

अशा रुग्णाला अंधारात चालणे दिवसापेक्षा कितीतरी अवघड जाते, कारण डोळ्यांचा आधारच निघून जातो. खोलीपासून मोरी-संडासपर्यंत रात्रभर दिवा ठेवावा आणि वीज गेल्यावर आपोआप लागणारा बॅटरीचा दिवा त्याच वाटेवर बसवावा. उंबरठ्यावर ठळक रंगाची पट्टी ओढावी. पायात सैल चप्पल नको, मागे पट्टा असलेली घट्ट पादत्राणे हवीत.

ताळमेळ बिघडण्याचे दुसरे कारण ताठरपणा असते. मांड्या आतल्या बाजूला खेचल्या जातात आणि पावले एकमेकांवर आडवी पडतात. त्याला फ्रेंकेलचे व्यायाम पुरेसे नाहीत. चालण्यापूर्वी मांडीच्या आतील स्नायूंना संथ ताण, औषधाची योग्य मात्रा आणि गरज पडल्यास स्नायूत इंजेक्शन यांचा विचार डॉक्टरांसोबत करावा. थंडीत ताठरपणा अधिक जाणवतो. वाई-महाबळेश्वरकडच्या कुटुंबांनी हिवाळ्यातील सराव ऊन वर आल्यावर ठेवावा.

मोजमाप, मदत आणि सावधगिरी

सुधारणा रोज पाहणाऱ्याला दिसत नाही, म्हणून मोजावी. अंगणात दहा मीटर अंतर आखून आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच साधनासह चालायला लागणारे सेकंद वहीत लिहावेत. पायांचा तक्ता, नळीचा वेळ आणि त्वचेची नोंदही त्याच वहीत ठेवावी. पुढच्या डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते.

मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगली आणि साताऱ्याची शासकीय रुग्णालये आणि कऱ्हाडचे कृष्णा रुग्णालय ही जवळची ठिकाणे आहेत. मुंबईत हाजीअली येथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. कोल्हापुरात, स्वतः कमरेखाली अधू असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली उभी केलेली हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड ही संस्था आहे आणि तिथे व्हीलचेअरवरचे आयुष्य कसे उभे राहते हे प्रत्यक्ष पाहता येते. २०१६ च्या कायद्यानुसार किमान चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर सवलती आणि राखीव जागांचा लाभ मिळतो, तेव्हा यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज वेळेवर करावा. कृष्णाकाठच्या घरांनी पावसाळ्यापूर्वी नळ्या, औषधे आणि कॅलिपर एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत भरून ठेवाव्यात. २०१९ आणि २०२१ चे पूर सांगलीकरांना आठवतच असतील.

स्टेम सेलच्या इंजेक्शनासाठी जमीन गहाण ठेवण्याचा विचार कोणी करत असेल तर त्याने थांबावे. मज्जारज्जूच्या इजेवर तो सिद्ध झालेला उपचार नाही, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देणे योग्य नाही. मज्जारज्जूवर विद्युत-पट्टी बसवून काही रुग्णांनी पावले टाकल्याचे अहवाल २०१८ साली अमेरिका आणि स्वित्झर्लंडमधून आले आहेत. त्यातही महिनोन्‌महिने कसून केलेला सराव होताच.

शेवटी एक सूचना विशेष लक्षात ठेवावी. सुधारणा थांबणे आणि आलेली ताकद जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. महिन्यांनी किंवा वर्षांनी हालचाल कमी होऊ लागली, संवेदनेची सीमा वर सरकली, नवी वेदना सुरू झाली किंवा ताठरपणाचे रूप बदलले, तर मज्जारज्जूत द्रवाची पोकळी तयार होत असण्याची शक्यता असते. व्यायाम वाढवून ते भरून निघत नाही; मेंदू-मज्जारज्जूच्या शल्यविशारदांना दाखवून नवा एमआरआय करावा आणि जाताना जुने तक्ते व वही सोबत न्यावी.